साडेतीन लाखांत डिझेल गाडी

मे २०१२मध्ये दिल्लीत पेट्रोल लिटरला ७३ रुपयांवर गेलं होतं आणि डिझेल होतं ४१ रुपयांच्या आत. आपल्याकडे महाराष्ट्रात आकडे थोडे वेगळे होते, पण दरी तेवढीच रुंद होती. स्विफ्ट डिझेलसाठी लोक महिनोन्‌महिने नंबर लावून बसायचे आणि त्याच गाडीचं पेट्रोल मॉडेल शोरूममध्ये गिऱ्हाईकाची वाट बघत उभं असायचं. देशात विकल्या जाणाऱ्या मोटारींपैकी निम्म्याहून जास्त तेव्हा डिझेलच्या होत्या. मग ऑक्टोबर २०१४मध्ये सरकारने डिझेलचे दर बाजारावर सोडले आणि ही दरी बुजत गेली. २०२५मध्ये मुंबई-पुण्यात पेट्रोल १०४ रुपयांच्या आसपास राहिलं, डिझेल ९०च्या आसपास. म्हणजे ३२ रुपयांचे १४ झाले.

त्या लाटेतल्या गाड्या आता जुन्या बाजारात आल्या आहेत. स्विफ्ट, डिझायर, अमेझ, आय-ट्वेंटी, इटिऑस, थोडे पैसे वाढवले तर अर्टिगा. तीन ते पाच लाखांत घरच्यांना पुरेल अशी, घाटात न दमणारी गाडी मिळते म्हटल्यावर मन वळतंच. घरी पाच माणसं, गावी आई-वडील, गणपतीला कोकण आणि उन्हाळ्यात एखादी लांबची सहल, अशा कुटुंबाला तर ती खास आपल्यासाठीच बनवलेली वाटते. माझं म्हणणं एवढंच, की आधी वही-पेन घ्या, मग फिटर घ्या आणि त्यानंतर चेकबुक. बहुतेक जण नेमके उलट्या क्रमाने जातात.

वहीतलं गणित अगदी सोपं आहे. डिझायरच्या आकाराची पेट्रोल गाडी गाव-शहर मिळून लिटरला १५ किलोमीटर देते असं धरू, तशीच डिझेल १९ देते. पेट्रोलला किलोमीटरमागे सात रुपयांच्या आत-बाहेर, डिझेलला पावणेपाच. वाचले साधारण सव्वादोन रुपये. महिन्याला ५०० किलोमीटर फिरणाऱ्याचे वर्षाला तेरा हजार वाचतात; त्यातले तीन-चार हजार डिझेलच्या जास्तीच्या सर्व्हिसिंगमध्ये जातात आणि उरलेले एखादा इंजेक्टर बिघडला की एका दिवसात उडतात. महिन्याला १५०० किलोमीटर फिरणाऱ्याचे मात्र वर्षाला चाळीस हजार वाचतात आणि तिथे डिझेल खरंच परवडतं. सीमारेषा माझ्या मते महिन्याला हजार किलोमीटरच्या आसपास आहे. रोज कोथरूड ते शिवाजीनगर आणि महिन्यातून एकदा सातारा, एवढंच रनिंग असेल तर डिझेलचा विचार सोडून द्यावा. नुसता पैसाच बघायचा तर सीएनजी दोघांनाही मागे टाकतो, किलोमीटरला साडेतीन रुपयांच्या आसपास. पण डिकी सिलिंडर खातो, पंपावर रांग लागते आणि भरलेली गाडी आंबा घाटात चढवताना त्याची दमछाक कळते. पाच माणसं आणि सामान घेऊन सतत लांब जाणाऱ्याला डिझेल का आवडतं, ते अशाच चढावर समजतं.

अलीकडे विकणारे आणखी एक मुद्दा पुढे करतात: पेट्रोलमध्ये आता २० टक्के इथेनॉल येतं आणि जुन्या पेट्रोल गाड्या त्यासाठी बनलेल्या नाहीत, डिझेलला ती कटकट नाही. मुद्दा खोटा नाही. पण तेवढ्यावर दहा वर्षांची डिझेल घेऊ नये.

आता इंजिनाकडे. पेट्रोल इंजिनात ठिणगी लागते, डिझेल इंजिनात लागत नाही. सिलिंडरमधली हवा इतकी दाबली जाते की ती स्वतःच प्रचंड तापते आणि तिच्यात फवारलेलं डिझेल आपोआप पेटतं. फियाटच्या १.३ लिटर इंजिनात हवा १७.६ पट दाबली जाते. त्या काळातल्या पेट्रोल इंजिनांत हा आकडा दहा-अकराच्या घरात असतो. एवढा दाब सोसायचा म्हणून ब्लॉक, क्रँक, पिस्टन सगळं जाडजूड बनवावं लागतं. म्हणून नीट सांभाळलेलं डिझेल इंजिन अडीच-तीन लाख किलोमीटर उघडावं लागत नाही, ही ख्याती खरी आहे. पण त्या जाडजूड इंजिनाच्या अंगावर जे बसवलेलं असतं ते अतिशय नाजूक असतं. कॉमन-रेल पंप डिझेलला हवेच्या दाबाच्या हजार-दीड हजार पट दाबाने ढकलतो. इंजेक्टरच्या टोकाची छिद्रं मिलिमीटरच्या दहाव्या हिश्श्याएवढी असतात. टर्बोची पाती मिनिटाला दोन लाखांच्या घरात फेरे घेतात आणि त्यांना आधार असतो तो फक्त तेलाच्या पातळ थराचा. सोन्याचं पाणी दिलेले दागिने घातलेला पैलवान म्हणावा तसा हा प्रकार आहे: पैलवानाला काही होत नाही, दागिने घासून जातात. जुन्या डिझेलमध्ये खर्च निघतो तो इंजेक्टर, हाय प्रेशर पंप, टर्बो, क्लच यांवर, आणि यातली कुठलीही वस्तू नवी घ्यायची तर बिल पाच आकडी येतं.

१.३ लिटरच्या त्या इंजिनाबद्दल वेगळं सांगायला हवं, कारण आपल्या बजेटात दिसणाऱ्या गाड्यांपैकी बऱ्याच गाड्यांच्या बॉनेटखाली तेच आहे. फियाटने २००३मध्ये आणलेलं हे १२४८ सीसीचं मल्टिजेट. २००७मध्ये ते आपल्याकडे स्विफ्टमध्ये आलं, मग डिझायर, अर्टिगा, सियाझ, ब्रेझा. टाटाने तेच क्वाड्राजेट नावाने इंडिका व्हिस्टात घातलं, फियाटने पुंटो आणि लिनियात. मारुतीसाठी ते मानेसरला बनायचं आणि बाकीच्यांसाठी पुण्याजवळ रांजणगावला. एवढ्या कंपन्यांनी ते घेतलं की ‘नॅशनल इंजिन’ हेच त्याचं टोपणनाव पडलं. एप्रिल २०२०मध्ये धुराचे बीएस-सिक्स नियम आले आणि मारुतीने डिझेलच बंद केलं, तिथे त्याचा प्रवास संपला. पण आजही जतपासून सावंतवाडीपर्यंत कुठल्याही तालुक्याच्या गावी हे इंजिन खोलून बसवणारा माणूस सापडतो आणि पार्ट दुसऱ्या दिवशी एसटीने येतो. बजेटमध्ये गाडी घेणाऱ्याने ही सोय सनरूफपेक्षा मोठी मानावी.

त्याच्या खोडीही ठरलेल्या आहेत. दोन हजार आरपीएमच्या खाली ते मरगळलेलं असतं आणि वर गेलं की एकदम उसळी घेतं. पेट्रोलची सवय असलेला माणूस पहिल्या दिवशी चौकात दोन-चारदा बंद पाडतो. टायमिंगसाठी त्यात पट्टा नसून साखळी आहे, त्यामुळे ठरावीक किलोमीटरला बदलायचा खर्च नाही. मात्र तेल वेळेवर न बदलणाऱ्याच्या हाती ही साखळी ढिली पडते आणि सकाळी चालू करताना पुढच्या बाजूने खळखळते. रेनॉच्या डस्टरमधल्या दीड लिटर इंजिनाला, फोर्ड इकोस्पोर्टच्या आणि पोलोच्या डिझेलला पट्टा आहे. तो तुटला तर व्हॉल्व्ह आणि पिस्टन एकमेकांवर आदळतात आणि इंजिनाचं काम निघतं. अशी गाडी बघताना पट्टा केव्हा बदलला याचं बिल मागा. बिल नसेल तर बदललेला नाही असं समजून तेवढे पैसे किमतीतून वजा करा. फोर्डने २०२१मध्ये इथल्या बाजारासाठीचं उत्पादन थांबवलं आणि शेवरोलेने २०१७च्या अखेरीस विक्री. या गाड्या त्यामुळेच स्वस्त मिळतात. तुमच्या गावात त्यांचा चांगला फिटर असेल तर फायदा आहे, नसेल तर स्वस्ताई महागात पडेल.

आता सगळ्यांचा लाडका प्रश्न: किलोमीटर किती झालेत? साठ हजार चाललेली दहा वर्षांची डिझेल म्हटली की घेणारा खूश होतो. मला अशी गाडी बघितली की शंका येते. एकतर मीटर मागे फिरवलेलं असणार, आणि तसं नसेल तर ही गाडी दहा वर्षं शाळा, भाजी मंडई आणि बँक एवढंच करत राहिली असणार. डिझेलला याहून वाईट आयुष्य नाही. इंजिन पुरतं तापायच्या आत बंद होतं, धुरातली काजळी ईजीआर व्हॉल्व्हमधून परत आत येते आणि तेलाच्या वाफेशी मिळून मॅनिफोल्डमध्ये डांबरासारखी साठते. याउलट पुणे-कोल्हापूर ये-जा करत सव्वा लाख चाललेली, दर दहा हजारांनी तेल बदललेली गाडी आतून स्वच्छ असते; क्लच आणि गिअर कमी वापरलेले असतात, ब्रेकही. सव्वा लाखाची आणि कागद असलेली गाडी साठ हजारांच्या आणि कागद नसलेल्या गाडीपेक्षा मी कधीही आधी घेईन.

बीएस-सिक्स गाड्यांना हीच गोष्ट दुप्पट लागू आहे. एप्रिल २०२०पासूनच्या डिझेल गाड्यांच्या सायलेन्सरच्या वाटेवर डीपीएफ, म्हणजे काजळी धरून ठेवणारी जाळी असते. ती भरत आली की गाडी थोडं जास्तीचं डिझेल टाकून धुराचं तापमान सहाशे अंशांच्या आसपास नेते आणि काजळी जाळून टाकते. त्यासाठी पंधरा-वीस मिनिटं सलग, बऱ्या वेगाने गाडी पळावी लागते. शहरातल्या सिग्नलवर हे पूर्ण होत नाही. अर्धवट राहिलेलं काम पुन्हा पुन्हा सुरू होतं, न जळलेलं डिझेल इंजिनच्या तेलात उतरतं आणि तेलाची पातळी वाढते. डिपस्टिकवर तेल खुणेच्या वर दिसलं तर विकणारा म्हणेल, ‘काही नाही हो, सर्व्हिसिंगला जरा जास्त पडलंय.’ तसं असेलही. पण तेलाला डिझेलचा वास येतो का, ते बघा. कमी बजेटमध्ये, शहरात वापरलेली पहिल्या खेपेची बीएस-सिक्स डिझेल घेण्यापेक्षा २०१४ ते २०१९मधली बीएस-फोर घेणं मला जास्त शहाणपणाचं वाटतं. तिच्यात बिघडायला कमी आहे.

थोडं अवांतर: बीएस-फोर सगळ्या देशात लागू झालं ते एप्रिल २०१७ला, पण २०१०पासूनच काही निवडक शहरांत ते सक्तीचं होतं. मुंबई-पुण्याच्या जोडीला त्या यादीत सोलापूरही होतं. त्यामुळे २०१२ची गाडी बीएस-थ्री आहे की फोर, हे सालावरून ठरवू नका, नोंदणीच्या कागदावर बघा.

गाडी बघायला सकाळीच जा आणि आदल्या दिवशी फोनवर सांगून ठेवा, ‘मी येईपर्यंत गाडी चालू करू नका.’ पोचल्यावर पहिलं काम, बॉनेटवर हात ठेवा. गरम लागलं तर मालकाने आधीच फेरी मारून आणली आहे, आणि ती का मारली, याचं उत्तर त्याच्या बोलण्यात मिळणार नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा या. थंड असेल तर चावी अर्धी फिरवा. डॅशबोर्डवर वेटोळ्यासारखा ग्लो प्लगचा दिवा लागून विझेल, मग स्टार्टर मारा. चांगली गाडी एक-दोन सेकंदांत पकडते. स्टार्टर बराच वेळ घरघरत राहिला तर कॉमन-रेलमध्ये दाब धरत नाहीये, आणि त्याचं मूळ बहुधा इंजेक्टर किंवा पंपात निघतं. मागे कुणाला तरी धूर बघायला उभं करा. सुरुवातीला थोडासा धूर निघून थांबला तर हरकत नाही. निळसर धूर टिकून राहिला तर तेल जळतंय, मग टर्बोतून असो किंवा रिंगांमधून. पांढरा आणि डोळ्यांना झोंबणारा असेल तर डिझेल न जळता बाहेर पडतंय. एकदम रेस दिल्यावर काळा लोट आला तर हवा कमी किंवा डिझेल जास्त.

इंजिन गरम होऊन शांत चालू लागलं की तेल भरायचं झाकण उघडा, पण काढून घेऊ नका, उलटं करून तोंडावर नुसतं ठेवा. ते किंचित थरथरेल, तेवढं चालतं. नाचायला लागलं किंवा खाली उडून पडलं आणि आतून धापा टाकल्यासारखे धुराचे झोत येऊ लागले, तर पिस्टनच्या रिंगा झिजल्या आहेत. या गाडीचा विषय तिथेच संपवा, किंमत कितीही उतरली तरी. तेल काळं दिसलं म्हणून घाबरू नका. डिझेलचं तेल बदलल्यावर शंभर किलोमीटरांत काळं होतंच. दुधी, फेसाळ दिसलं तर मात्र तेलात पाणी शिरलंय. मग टर्बोकडून इंटरकूलरकडे जाणारा रबरी पाइप बघा. हलकासा तेलकटपणा सगळ्याच जुन्या गाड्यांत सापडतो, तेल ठिबकत असेल तर टर्बोचं सील गेलंय.

यापुढचं काम आपलं नाही. हजार-दीड हजार रुपये देऊन आपल्या विश्वासाचा फिटर घेऊन जा. विकणाऱ्याने सुचवलेला नको. इंजेक्टरचं ‘रिटर्न’ बघायला सांगा. चारही इंजेक्टरांच्या परतीच्या नळ्या चार छोट्या बाटल्यांत सोडून गाडी काही मिनिटं चालवतात. चारही बाटल्या सारख्या भरल्या तर ठीक, एखादी दुप्पट भरली तर तो इंजेक्टर गळका. एवढ्या साध्या चाचणीत तीस-चाळीस हजारांचा खर्च आधी कळतो, आणि सौद्याच्या वेळी त्या बाटल्यांइतकं बोलकं दुसरं काही नसतं.

चालवून बघायची तर सोसायटीभोवती फेरी पुरत नाही. पुण्यात असाल तर दिवे घाट किंवा कात्रजचा जुना घाट, साताऱ्याकडे खंबाटकी. पाच माणसं बसवा, एसी लावा आणि तिसऱ्या गिअरवर चढ घ्या. आरपीएमचा काटा वर जातोय पण वेग वाढत नाही, याचा अर्थ क्लच घसरतोय. टर्बो पकडताना शिटीसारखा बारीक आवाज येणं ठीक, सायरनसारखा आवाज नको. वर पोचल्यावर तापमानाचा काटा बघा आणि गाडी लगेच बंद न करता एक मिनिट तशीच चालू राहू द्या. टर्बोला ही सवय चांगली, आणि तेवढ्या वेळात पंखा लागतो की नाही तेही कळतं.

मीटर खरं की खोटं, हे गाडीच सांगते. क्लच आणि ब्रेकच्या पॅडलचं रबर, स्टिअरिंगचा वरचा भाग आणि ड्रायव्हरच्या सीटची दाराकडची कड बघा. ही तिन्ही गुळगुळीत झालेली आणि मीटर पन्नास हजारांवर असेल तर कुणीतरी खोटं बोलतंय. टायरच्या कडेला चार आकडे असतात: ३२१७ म्हणजे २०१७च्या ३२व्या आठवड्यात बनलेला टायर. २०१७च्या गाडीचं मीटर तीस हजारांवर असताना सगळे टायर २०२३चे निघाले तर विचारायला हवं. काचांच्या कोपऱ्यातही बनावटीच्या सालाची खूण असते. सगळ्या काचा एका सालच्या आणि एकच वेगळी असेल तर त्या बाजूला ठोकर बसली आहे. सगळ्यात भरवशाचा पुरावा म्हणजे कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमधली नोंद, गाडीच्या नंबरावर ती निघते. प्रत्येक भेटीला मीटर किती होतं ते तिथे लिहिलेलं असतं, आणि मध्येच आकडा कमी झालेला दिसला की वाद मिटला.

पुराच्या गाड्यांबद्दल कमी बोललं जातं. ऑगस्ट २०१९मध्ये सांगली-कोल्हापूर आणि जुलै २०२१मध्ये चिपळूण पाण्याखाली गेलं, तेव्हा कितीतरी गाड्या छतापर्यंत बुडाल्या होत्या. अशा गाड्या धुऊन-पुसून दूरच्या बाजारात जातात. पाण्यात असताना कुणी गाडी चालू केली असेल तर सिलिंडरमध्ये पाणी शिरून कनेक्टिंग रॉड वाकलेला असू शकतो, आणि डिझेलच्या दाबाला तो फार दिवस टिकत नाही. ओळखायची युक्ती साधी आहे: सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून बाहेर काढा. वर्षानुवर्षं गुंडाळलेला तो शेवटचा हातभर पट्टा कुणी धूत नाही, तिथे गाळाची रेघ सापडते. सीटखालच्या रुळांचे बोल्ट, डिकीत स्टेपनीखालचा खड्डा आणि फ्यूज बॉक्सची आतली बाजूही बघा. विम्याचा क्लेम झाला होता का, हे विचारून ठेवा. समुद्रकाठच्या गाड्यांचा प्रश्न वेगळा. रत्नागिरी, अलिबाग, गोव्याकडची गाडी वरून चकचकीत असली तरी खालून खाऱ्या हवेने खाल्लेली असू शकते. रॅम्पवर चढवल्याशिवाय ते दिसत नाही.

डिझायर आणि इटिऑस घेणाऱ्यांनी आणखी एक जपावं. या गाड्या टॅक्सीत खूप चालल्या आहेत. पिवळ्या पाटीवर तीन-चार लाख किलोमीटर पळून झाल्यावर परमिट काढून, पांढरी पाटी लावून त्या घरगुती म्हणून विकल्या जातात. नोंदणीच्या इतिहासात ते लपत नाही. मॉडेलच्या नावात ‘टूर’ असेल तर प्रश्नच मिटला. आणि मागच्या सीटचं फोम पुढच्यापेक्षा जास्त दबलेलं असेल तर ती गाडी कोणी वापरली, हे वेगळं सांगायला नको.

दिल्लीच्या स्वस्त गाड्यांचा मोह तर प्रत्येकाला कधीतरी होतोच. राष्ट्रीय हरित लवादाने २०१५मध्ये दिल्ली परिसरात दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्या रस्त्यावर आणायला बंदी केली, २०१८मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती उचलून धरली. नंतर अंमलबजावणी कधी कडक कधी सैल झाली, पण तिथल्या मालकांनी गाड्या बाहेरच्या राज्यांत काढायला सुरुवात केली ती केलीच. महाराष्ट्रात अशी बंदी नाही, म्हणून गाडी इथे येऊ शकते. हिशेब मात्र पूर्ण करा. तिथल्या आरटीओची एनओसी, इथे नव्याने नोंदणी आणि वयानुसार घटवलेला आपला रस्ता कर. दहा लाखांपर्यंतच्या नव्या डिझेल गाडीला आपल्याकडे १३ टक्के एकरकमी कर लागतो, पेट्रोलला ११. जुनी गाडी बाहेरून आणली तरी त्याचा वाटा भरावाच लागतो. हे सगळं धरल्यावर एमएच पासिंगची गाडीच स्वस्त निघाल्याची उदाहरणं मी पाहिली आहेत.

साल निवडताना पंधरा वर्षांची रेघही डोक्यात ठेवा. खासगी गाडीची पहिली नोंदणी पंधरा वर्षांची असते. २०१२ची गाडी घेतलीत तर २०२७मध्ये आरटीओत तपासणी, एप्रिल २०२२पासून पाच हजार झालेलं नूतनीकरण शुल्क आणि वर पर्यावरण कर, हे सगळं तुमच्या नावावर येणार. त्याऐवजी थोडे पैसे वाढवून २०१५-१६ची बघा.

भाव करताना एक नवा मुद्दा तुमच्या बाजूने आहे. चार मीटरच्या आतल्या, दीड लिटरपर्यंतच्या नव्या डिझेल गाडीवर सेस धरून ३१ टक्के कर होता. २२ सप्टेंबर २०२५पासून तो १८ टक्के झाला. नव्या गाडीची किंमत उतरल्यावर जुनीची त्याआधीचीच किंमत सांगणाऱ्याला हे शांतपणे ऐकवा.

आणि कागद. इसार देण्याआधी मूळ आरसी बघा आणि चेसिस नंबर स्वतः ताडून घ्या. बँकेचा बोजा असेल तर बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ हातात आल्याशिवाय पुढे जाऊ नका. गाडीवरचे ई-चलान मोबाइलवर तपासता येतात, थकलेले असतील तर विकणाऱ्याने भरावेत. फॉर्म २९ आणि ३०, ज्याला बाजारात टीटी फॉर्म म्हणतात, त्यावर सह्या करून ‘नंतर कधीतरी’ करू म्हणणारे खूप भेटतात. कायद्याने विकणाऱ्याने चौदा दिवसांत कळवायचं असतं आणि घेणाऱ्याने तीस दिवसांत नाव लावून घ्यायचं असतं. विकणारा टाळाटाळ करत असेल तर त्याला त्याच्याच हिताची गोष्ट सांगा: सर्वोच्च न्यायालयाने २०१८मध्ये स्पष्ट केलंय, की अपघाताच्या दिवशी नोंदणीत ज्याचं नाव, भरपाईची जबाबदारी त्याची, मग गाडी मधल्या काळात कितीही हातांतून गेलेली असो. विमाही चौदा दिवसांत आपल्या नावावर करून घ्या. नो क्लेम बोनस गाडीबरोबर येत नाही, तो जुन्या मालकाचा. डीलरकडून घेत असाल तर त्याचं आरटीओचं अधिकृततेचं प्रमाणपत्र मागा. एप्रिल २०२३पासून जुन्या गाड्यांच्या डीलरांना ते सक्तीचं आहे आणि ते दाखवताना जो चाचरतो त्याच्याकडून न घेतलेलं बरं.

एवढं सगळं तपासून जी गाडी हातात येईल, तिच्यासाठी साडेतीन लाखांचं बजेट असेल तर सौदा तीन लाखांच्या आत करा. उरलेल्या पन्नास हजारांना पहिले सहा महिने हात लावू नका. आल्या आल्या इंजिन तेल, तेलाचा, हवेचा आणि डिझेलचा फिल्टर, कूलंट हे सगळं बदलून घ्या. आधीच्या मालकाने ‘कालच केलंय’ म्हटलं तरी. डिझेल नेहमी गर्दीच्या पंपावर भरा, कारण भेसळीचा आणि पाण्याचा पहिला घाव इंजेक्टरवर बसतो. आणि महिन्याला हजार किलोमीटर होत नसतील, तर हे सगळं वाचूनही पेट्रोलच घ्या.